उणे अडीचशे, पण कशाच्या मानाने

२ मार्च, रविवार
सकाळच्या एसटीने जानेफळ. तिथून सासऱ्यांनी, मामाजींनी, मोटारसायकलवर सासुरवाडीला नेलं. रस्त्यात बोलणं नाही. वारा होता, आणि तसंही आमचं बोलणं कमीच.

काम टाकीचं. जानेवारीत जिल्ह्याहून तपासणीवाले आले होते. त्यांचा अहवाल असा की पाण्याच्या टाकीच्या खांबांतल्या सळया गंजल्या आहेत, टाकी रिकामी करून पाडावी. मामाजींना मान्य नाही. टाकी त्यांच्या सरपंचकीत झालेली. "तुमी बी तं हेच शिकवता कॉलेजात. एक डाव तुमच्या मशीननं पाहा."

खांबाच्या बुडाशी थोडं काँक्रीट फोडून सळई उघडी केली. मीटरची एक तार सळईला, दुसरी इलेक्ट्रोडला. खांब ओला करायचा, इलेक्ट्रोड टेकवायचा, आकडा लिहायचा, वर सरकायचं. सिव्हिलच्या लॅबमधला तांब्याचा इलेक्ट्रोड, मोरचुदाच्या द्रावणातला, काल पाहिला तर तळाशी तडकलेला. म्हणून आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधला चांदीचा नेला. रीडिंग उणे २३५ ते उणे २७०. सरासरी उणे २५० मिलिव्होल्ट धरायला हरकत नाही.

टाकीच्या खाली, खांबांच्या मध्ये भिंती घालून अंगणवाडी काढली आहे. मामी तिथे मदतनीस. आज सुट्टी, तरी त्या झाडत होत्या.

जेवण मामींकडे. सुजाताचा फोटो आता भगवंतांच्या तसबिरीखाली डावीकडे आहे. मागच्या वेळी उजवीकडे होता. विचारलं नाही.

परतीची गाडी उशिरा. घरी पोचून आंघोळ.

३ मार्च, सोमवार
दुसऱ्या तासाला प्रॅक्टिकल सुरू होत असताना सुजाताचा फोन वाजला. तिचा फोन मी रोज चार्ज करून सोबत ठेवतो. कारण मामाजी अजून त्याच नंबरवर करतात. माझा नंबर त्यांच्याकडे आहे की नाही माहीत नाही. लग्नाच्या आठ वर्षांत त्यांना त्याची गरज पडली नसेल.

"किती आला?"
"उणे अडीचशे."
"थांबा, तो रिपोट घेतो." कागदाचा आवाज. "तीनशे पन्नासच्या वर गंज. दोनशेच्या खाली चांगलं. मंग आपलं मंधात बसते नं?"

मुलं दारात उभी होती. मी "हं" म्हटलं. "नंतर बोलतो" म्हटलं. ते म्हणाले, काही गरज नाही, समजलं.

६ मार्च, गुरुवार
गॅस एजन्सी. जोडणी तिच्या नावावर, ती माझ्या नावावर करायची. खिडकीतल्या माणसाने मृत्यूचा दाखला दोन वेळा वाचला. मग म्हणाला, "त्यांची सही लागेल." त्याचं त्यालाच कळलं, त्याने चष्मा पुसला. सोमवारी बोलावलं आहे.

मीठ संपलं होतं. आणलं.

९ मार्च, रविवार
मामाजींचा फोन. आवाज मोठा, मागे माणसं. ग्रामसभा होऊन गेली. ठराव: टाकी पाडायची नाही, खांबांना प्लास्टर मारून दुरुस्ती करायची. माझा आकडा सभेत वाचून दाखवला. "म्या सांगतलं, आपल्या जवायानं सोता मोजलं. उणे अडीचशे. त्याहीचं कायचं तीनशे सत्तर? सारे गप झाले, जवाईबापू."

मी विचारलं, माझा आकडा कोणत्या तक्त्याशी जुळवला?
"हाच नं, रिपोटातला. दुसरा कोनता असते?"

अहवालातला तक्ता तांब्याच्या इलेक्ट्रोडसाठी असतो. मी चांदीचा वापरला.

फोन ठेवल्यावर गणित मांडलं. गरज नव्हती, तोंडपाठ आहे. हायड्रोजनला शून्य धरलं तर तांब्याचा अधिक ३१६ वर, चांदीचा अधिक १९७ वर. फरक ११९. माझे उणे २५० म्हणजे त्यांच्या मोजणीत उणे ३६९. त्यांचा आकडा ३७०.

म्हणजे दोघांनी एकच गोष्ट मोजली आहे. सळया गंजत आहेत.

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी दर वर्षी फळ्यावर लिहितो की नुसत्या आकड्याला अर्थ नाही, कशाच्या मानाने ते लिहा. उत्तरपत्रिकेत नसलं तर अर्धा गुण कापतो. मामाजींना मी नुसता आकडा सांगितला.

सुजाता असती तर मी तिला सांगितलं असतं आणि तिने त्यांना. आमच्यात ती नेहमी मध्ये असायची. मी तिला एक वाक्य सांगायचो, ती त्यांना चार करून सांगायची. त्यांची चार वाक्यं मला एक करून. हे आज लक्षात आलं असं नाही. पण आज...

भाजी गॅसवर राहिली. खालून लागली.

१० मार्च, सोमवार
सिव्हिलच्या जोशीला सांगितलं. तो हसला. "अरे मिलिंद, आमचा इलेक्ट्रोड तडकला म्हणून तुझं सासर बुडालं की!" मग खुर्ची ओढून बसला. खांब कसे आहेत, भेगा कुठे, सगळं विचारलं. भेगा उभ्या आहेत, सळईच्या रेषेत, असं सांगितल्यावर हसणं थांबलं.

"वर भरलेली टाकी आणि खाली पोरं. तू आत्ता फोन कर."
"आधी नीट मोजतो. या वेळी तांब्याच्या इलेक्ट्रोडने."
"मोजून काय निराळं येणार आहे?"
"निराळं येणार नाही. पण आकडा त्यांच्याच तक्त्यातला असेल."

जोशी म्हणाला, तुझ्यात हा दोष आहे, तू माणसाशी बोलायच्या आधी मीटरशी बोलतोस. असेल.

संध्याकाळी अंगणवाडीबद्दल मामींना सांगावं म्हणून फोन हातात घेतला. त्यांच्या घरात फोन एकच, तो मामाजींच्या खिशात. उद्या करतो.

गॅस एजन्सीचं राहिलं.

१२ मार्च, बुधवार
काल फोन केला. मामाजींनीच उचलला. आकड्याचं रविवारी येऊन सांगतो, तोवर पोरं दुसरीकडे बसवता आली तर बरं, एवढं म्हटलं. "काऊन? रिपोट तं चांगला हाय आपला." मग लाइन तुटली की त्यांनी ठेवला, कळलं नाही.

आज इलेक्ट्रोड तयार केला. मोरचूद पाण्यात विरघळेनासा होईपर्यंत घातला, तळाशी खडे राहिले पाहिजेत. तांब्याची तार घासून चकचकीत केली. नळीच्या तळाशी सच्छिद्र बूच, बाहेरून काळी चिकटपट्टी. उन्हाने रीडिंग सरकतं म्हणून पट्टी.

मग तांब्याचा नवा आणि चांदीचा जुना, दोन्ही एकाच चंचुपात्रात मिठाच्या पाण्यात उभे केले आणि मीटर लावला. ११८. थोडा वेळ थांबलो. ११८ वरच होता.

दोन्ही इलेक्ट्रोड चांगले आहेत. कुठेतरी चांदीचाच बिघडलेला निघावा असं वाटत होतं, हे लिहून ठेवतो.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. दार लावून पेपर तपासले. वरच्या मजल्यावरची पोरं दोन वेळा दार वाजवून गेली. तिसऱ्यांदा उघडलं. कपाळाला रंग लावून घेतला.

१६ मार्च, रविवार
पुन्हा सासुरवाडी. मामाजी जानेफळला घ्यायला आले नाहीत, रफीकभाई आले. गावाचा वॉल्व्हमन, टाकी भरणं, पाणी सोडणं सगळं त्यांच्याकडे. रोजा होता, तरी उन्हात पूर्ण वेळ माझ्यासोबत थांबले. शिडी धरली, स्पंज ओला करून दिला.

प्लास्टरची वाळू येऊन पडली आहे.

दोन्ही इलेक्ट्रोडने मोजलं. प्रत्येक ठिकाणी आधी चांदीचा, मग तांब्याचा. सगळीकडे तोच फरक, दोनचार इकडे तिकडे. तांब्याने उणे ३६० ते ३९०. अंगणवाडीच्या आतल्या बाजूचे दोन खांब मागच्या वेळी मोजले नव्हते, आत पोरांचे डबे आणि सतरंज्या होत्या. आज मामींनी सामान हलवून दिलं. तिथे उणे ४२०. भिंतीवर अ ते ज्ञ आणि खाली खांबावर उभी भेग, तिच्यातून तपकिरी डाग उतरलेला. कोणी तरी डागाला डोळे काढून त्याचा साप केला आहे.

मामाजी घरी होते. चहा झाला. मी सांगितलं. माझा आधीचा आकडा बरोबर होता, पण तो वेगळ्या इलेक्ट्रोडचा होता, त्यांच्या तक्त्यात बसवायचा तर एकशे वीस आणखी उणे करावे लागतात. ते मी तेव्हा बोललो नाही.

"म्हंजे तुमचा आकडा खोटा व्हता?"
"खोटा नव्हता. अपुरा होता."
"अपुरा. साऱ्या गावासमोर म्या तो वाचला, जवाईबापू."

मामी आतून म्हणाल्या, "त्यायले आधी जेवू तं द्या."

जेवून हात धुताना मामाजी बोलायला लागले, मोरीकडे तोंड करून. टाकी नव्हती तेव्हा टँकर यायचा. टँकर आधी कोणत्या गल्लीत उभा राहतो आणि आमच्या वस्तीपर्यंत येताना त्यात किती उरतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं. टाकी झाली तेव्हा ते अडून बसले की साऱ्या गावाचे नळ एका वेळी सुटले पाहिजेत, एकाच दाबाने. तसे सुटले.

"आता टाकी रिकामी करा म्हन्ता. मंग काय येईन? टँकरच येईन नं? तो पहिले कुठी उभा राह्यते, ते तुमच्या मशीनमंधी दिसते का?"

मी म्हटलं, मामी रोज त्या खांबाला टेकून बसतात.

ते बाहेर निघून गेले. रफीकभाईंनी जानेफळला सोडलं.

१७ मार्च, सोमवार
सुजाताचा फोन दिवसभर टेबलावर. वाजला नाही.

सरपंच शीतलताईंना फोन केला. त्यांचा नंबर ग्रामपंचायतीच्या पाटीच्या फोटोत होता. त्या नवीन आहेत. मामाजींना गाव अजून सरपंच म्हणतं, आणि यांना ताई.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "सर, मले समजलं. पण माह्या तोंडून कोनी आयकनार नाही. म्हन्तीन, हिले ठेका द्याचा हाय. तुमी या अन् सभेत सांगा. रविवारी लावतो." जिल्ह्यालाही कळवते म्हणाल्या. अंगणवाडी उद्यापासून समाजमंदिरात हलवते, तेवढं हातात आहे.

मग विचारलं, "सरपंच सायबायले सांगतलं का?"
"सांगितलं."
"काय म्हनले?"
"टँकरचं म्हणाले."
"हाव," एवढंच म्हणाल्या.

रात्री गॅसचा कागद भरला.

२० मार्च, गुरुवार
सभेत काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिल्यांदा हायड्रोजन इलेक्ट्रोडपासून सुरुवात केली. खोडलं.

दुसरं: बोअरचं पाणी. एक जण जमिनीपासून खोली मोजतो, दुसरा जमिनीच्या वर आलेल्या केसिंग पाइपच्या तोंडापासून. आकडे दोन, पाणी एकाच ठिकाणी. हे बरं आहे.

आरशासमोर म्हणून पाहिलं. मी फार हळू बोलतो. सुजाता म्हणायची, तुमचं ऐकायला माणसाला वाकावं लागतं.

रफीकभाईंना फोन करून सांगितलं की प्लास्टर सुरू करू देऊ नका, भेगा झाकल्या जातील. ते म्हणाले, गवंडी आलाच नाही, त्याची सोयरीक निघाली. तेवढे चार दिवस मिळाले.

२३ मार्च, रविवार
सभा. समाजमंदिरासमोर मंडप. बायका बऱ्याच होत्या. मामाजी पुढे खुर्चीवर, फेटा बांधून. माझ्याकडे पाहिलं नाही.

बोअरचं सांगितलं. मागून एक जण: "सर, आमच्या बोअरले पानीच नाही, कोठूनबी मोजा." हशा. मीही हसलो असेन.

मग काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, मामींनी आणून दिलेलं मीठ टाकलं. दोन्ही इलेक्ट्रोड बुडवले. मीटर फिरवून पहिल्या रांगेला दाखवला. ११७. "या ग्लासात टाकी नाही, सळई नाही, गंज नाही. तरी हा आकडा आहे. हा दोन इलेक्ट्रोडमधला फरक आहे. मागच्या सभेत माझ्या आकड्यात हा फरक मिळवला नव्हता. मिळवला की जिल्ह्याचा आकडा आणि माझा एकच होतो."

एक तरुण उठला. "मागच्या खेपेले बी तुमीच मोजलं. तवा चांगली. आता मोजलं, आता खराब. पुढच्या खेपेले पुन्हा चांगली व्हईन, थोडं थांबू मंग."
"आकडा तेव्हाही हाच होता. मी सांगायला चुकलो."
"चुकलो म्हन्ते, अन् गावाची टाकी घेऊन चालला. हा जवाई हाय का मुकादम?"
"बस ना बे खाली," रफीकभाई म्हणाले. "तुले मीटर वाचता येते का?"
"मले नाही येत. पन तुले टाकीवर चढता येते नं? पडली तं सोबत तूच पडशीन."
"म्हनून तं म्हनून राह्यलो, बस."

पुन्हा हशा. मग एक म्हातारी उठली, अंगणवाडीत नात असलेली. तिने मला एकच विचारलं. "बाबू, तू आपली पोरगी बसवशीन का त्या टाकीखाली?"

आम्हाला मूल नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तिला माहीत नसावं. मी म्हटलं, नाही, बसवणार नाही.

ती खाली बसली. त्यानंतर कोणी मला काही विचारलं नाही.

मामाजी उठले. फेटा नीट केला. टाकी रिकामी करायला हरकत नाही म्हणाले. पण टँकरचा क्रम आज, इथे, लिहून ठरला पाहिजे, आणि एक दिवस एका टोकापासून, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकापासून. तो शीतलताईंनी लिहून घेतला. वाद झाला, बराच. पण लिहून घेतला.

मग ते खाली बसता बसता कोणाकडे न पाहता म्हणाले, "पोरगी तं ठेवता आली नाही. म्हटलं, टाकी तरी राहीन."

माइक त्यांच्या हातात होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी इलेक्ट्रोड धुऊन पेटीत ठेवले. निघताना नमस्कार केला. त्यांनी हात वर केला. आशीर्वादाला की थांब म्हणायला, कळलं नाही. मी थांबलो नाही, गाडी होती.

२४ मार्च, सोमवार
पहिल्या वर्षाचा तास. संदर्भ इलेक्ट्रोड. फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं. एका मुलीने विचारलं, सर, खरं शून्य कुठे असतं मग? म्हटलं, कुठेही नसतं, आपण हायड्रोजनला शून्य धरायचं ठरवलं आहे. ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून? हो म्हटलं. तिने ते वहीत लिहिलं.

गॅस जोडणी नावावर झाली.

३१ मार्च, सोमवार
ईद. रफीकभाईंना शुभेच्छा द्यायला फोन केला. त्यांच्याकडे गर्दी होती, तरी बोलले.

टाकी काल रिकामी झाली. "मी चावी घेऊन गेलो तं सरपंच सायेब आदीच उभे. मले म्हने, आन इकडे. वॉल त्याहीनंच फिरवला. लय टाइम लागला पानी जाले. नालीनं गेलं, खालच्या वावरापर्यंत. पोट्टे नाचून राह्यले व्हते त्याच्यात."
"ते काही बोलले?"
"नाही. चावी देल्ली मले परत. अन् म्हने, शिरखुर्म्याले येतो."
"आले?"
"आले नं. आत्ताच गेले. तुमच्यासाठी बी ठेवला हाय, या."

आज सुट्टीच होती, जाता आलं असतं.

६ एप्रिल, रविवार
मामींचा फोन, शेजारणीच्या फोनवरून, माझ्या नंबरवर. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणाल्या, सुजानं भिंतीवर लिहून ठेवला होता, चुलीच्या बाजूला, मागच्या दिवाळीत.

टँकर सुरू झाला. पहिल्या दिवशी वरच्या गल्लीत अडवला. मामाजी सकाळपासून चौकात खुर्ची टाकून बसतात, डोक्याला रुमाल बांधून. "ऊन किती हाय, तुमीच सांगा. मी म्हन्तो घरी या, तं म्हन्ते, टँकर जाऊ दे." काल दोन तास भांडण. आज बरोबर आला, आपल्या टोकाकडून.

"माझ्यावर राग आहे?"
"काय सांगू बापा. तुमचं नाव निंघालं का उठून जाते." मग म्हणाल्या, "जेवता नं टायमावर?"

टाकी पाडायचा हुकूम अजून आलेला नाही. रिकामी टाकी वाऱ्याने वाजते म्हणाल्या. झोप लागत नाही.

९ एप्रिल, बुधवार
जोशीने जिल्ह्याला विचारून पाहिलं. नवीन टाकीची मंजुरी आधी की जुनी पाडणं आधी, यावर अडलं आहे. "तोपर्यंत उभी राहील, रिकामी आहे म्हणजे काळजी नाही." मी म्हटलं, खाली आठवडी बाजार बसतो, सावलीला. तो म्हणाला, ते तू मोजू शकत नाहीस, मिलिंद. शीतलताईंना कळवलं. दोरी बांधते म्हणाल्या.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. दर वर्षी सासुरवाडीलाच जायचो. सकाळी पंचशील, दुपारी साऱ्या वस्तीचं एकत्र जेवण, संध्याकाळी मिरवणूक. फोन यायचा, "जवाईबापू, येता नं?" आणि सुजाता उत्तर द्यायची. या वर्षी फोन नाही.

इथल्या विहारात वंदनेला उभा राहिलो. खीर खाल्ली. एका ओळखीच्याने विचारलं, सासरी नाही गेलात? म्हटलं, गावात पाण्याचं कठीण आहे.

जेवणाला पाणी पुरलं असेल का.

२० एप्रिल, रविवार
दुपारी रफीकभाई दारात. इथे मेहकरला मोटारीचं सामान घ्यायला आले होते. हातात पिशवी. पाणी प्यायले, पंख्याखाली बसले.

टाकी उभीच आहे. दोरी बांधली, बाजारवाल्यांनी सोडली, पुन्हा बांधली. टँकरचा क्रम दोनदा मोडला, बाकी चालू आहे. विहिरीवरून थेट नळ सोडता येतील का ते पाहायला माणूस येणार आहे म्हणतात.

"हे मामीनं देल्लं," पिशवी सरकवत म्हणाले. "म्हने, सरायले द्या, अन् काई सांगू नका."

कैऱ्या. त्यांच्या बांधावरच्या झाडाच्या. प्रत्येकीला बोटभर देठ ठेवलेला, चीक कुठेही ओघळलेला नाही. मामी काठीने पाडतात, त्यांच्या कैऱ्या डागाळलेल्या येतात. असं देठासकट उतरवायला वर चढावं लागतं.

"झाडावर कोण चढलं?" मी विचारलं.
रफीकभाईंनी चप्पल घातली. "मले काय माहीत. मी तं टँकरसोबत व्हतो."

ते गेल्यावर कैऱ्या धुतल्या, पुसल्या. देठ तोडले. विळी सापडायला वेळ लागला, ती ओट्याखाली होती. फोडी केल्या, कोयी काढल्या, मीठ आणि हळद लावून परातीत पसरल्या. गच्चीवर नेऊन ठेवल्या, वर पातळ फडकं, चार कोपऱ्यांना चार दगड.